पुरळ एक, डॉक्टर घरभर

ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने बग सापडत नाही म्हणून एकदम पाच फाइली बदलल्या आणि 'सर, आता चालतंय' असं सांगितलं, तर मी त्याला जे बोलेन ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी मात्र एप्रिल-मे दोन महिने मी स्वतः तेच करत होतो.

कन्या सव्वा वर्षाची. आधी घोट्यांपाशी लाल, खरखरीत चट्टे आले, मग गुडघ्यांवर आणि कोपरांवर बारीक पुळ्या. रात्र रात्र खाजवून रडायची. आई म्हणाली, उष्णता. सासूबाई म्हणाल्या, अंडं सुरू केलंत ना? शेजारच्या काकू म्हणाल्या, डायपर. (घोट्याला? असो.) मग अंडं बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, साबण नवा, कपड्यांची पावडर नवी. सगळं एकाच आठवड्यात! वर कोपऱ्यावरच्या केमिस्टने चिठ्ठीबिठ्ठी न विचारता एक 'थ्री इन वन' मलम दिलं. चार दिवसांत त्वचा स्वच्छ. झालं, प्रत्येकाचं एकच, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मलम थांबवलं आणि पुरळ दुपटीने परत आलं. तेव्हा कुठे मी ट्यूब वाचली. क्लोबेटासोल. मलमांमधल्या सगळ्यात जहाल स्टेरॉइडांपैकी एक, सोबत एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक. कुठलाही रोग असो, काही ना काही लागू पडेलच! लहान मुलांच्या त्वचेतून हे मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं, त्वचा पातळ होते. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. शिवाय या मलमाने पुरावाच पुसला जातो. एरर का येते ते न बघता एरर मेसेज बंद करण्यासारखंच हे.

आणि मंडळी, फुकटचा सल्ला फुकट नसतो. बिल पोरगी भरते. त्या महिन्यात तिचं वजन एक ग्रॅमही वाढलं नाही. 'उगाच रिस्क कशाला' म्हणून शेंगदाणे बंद करणाऱ्यांनी २०१५ सालचा लीप हा अभ्यास शोधून वाचावा. ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळं त्यात होती. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात त्याची ॲलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. अर्थात, अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो. कूट किंवा पातळ लोणी.

मुळात अंड्याची ॲलर्जी असती तर बहुतेक वेळा खाल्ल्यावर दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या असत्या. दोन्ही घोट्यांवर बांगडीसारखा गोल पट्टा करून ती दीड महिना कशाला बसेल? पुरळ कुठे आहे, हे कोणी बघितलंच नव्हतं. मीसुद्धा.

मोबाइलमधले फोटो तारखेने लावले. पहिल्या वाढदिवसाच्या सकाळी घोटे स्वच्छ. त्याच संध्याकाळी आत्याने आणलेले वाळे पायात. तीन आठवड्यांनी पहिला चट्टा. मग फक्त वाळे काढले आणि बाकी कशालाही हात लावला नाही. कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या मित्राकडे वाळे नेले. बारावीच्या प्रॅक्टिकलला निकेल ओळखायला वापरायचो, तेच डायमिथाइलग्लायॉक्झाइम, सोबत थोडा अमोनिया. कापसाचा बोळा घासला आणि तो गुलाबी झाला. वाळे 'चांदीचे' होते ते जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी घोटे बघून, फोटो बघून तेच सांगितलं. लांबच्या पुळ्याही त्याच ॲलर्जीच्या. निकेलची रिॲक्शन स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे 'आज काय खाल्लं?' हा प्रश्नच चुकीचा होता. घामाने निकेल जास्त सुटतं, म्हणजे उष्णतेच्या बाबतीत आई निम्मी तरी बरोबर निघाली. (ती हे आता सगळ्यांना सांगते.) डॉक्टरांनीही स्टेरॉइडच दिलं, पण सौम्य, पाच दिवस, मोजून. तीन आठवड्यांत चट्टे गेले. अंडं सुरू आहे, दूध सुरू आहे.

आत्या दिवाळीला येणार आहे. आल्या आल्या पोरीचे पाय बघेल. तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.