शंका आली, तेवढे पुरे

बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. संतापाच्या त्या लाटेत एक गोष्ट मात्र मागे पडली. मुलीने घरी सांगितले होते आणि पालकांनी तिच्यावर विश्वासही ठेवला होता. घोडे अडले ते त्यापुढे. शाळेने पोलिसांना कळवले नाही आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या तालुक्यांनी यातून काय घ्यायचे? भाटघर, नीरा देवघर, पानशेतच्या जलाशयांकाठी आणि राजगड-तोरण्याच्या घेऱ्यात इथली वस्ती वाड्या-वाड्यांत विखुरलेली आहे. कितीतरी घरांतली कर्ती माणसे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला असतात. मुले आजी-आजोबांकडे, नातलगांकडे किंवा वसतिगृहात वाढतात. पोलीस ठाणे गाठायचे तर भोर, वेल्हे किंवा नसरापूर. एसटी चुकली की दिवस गेला. अशा ठिकाणी एखाद्या मुलाबाबत काही खटकले, तर पहिला विचार येतो, ‘आधी खात्री करून घेऊ.’ दुसरा येतो, ‘गावातलं आहे, गावातच मिटवू.’ हे दोन्ही विचार मुलाच्या जिवावर बेततात.

कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तसे घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे हे शिक्षकांचे, आशाताईंचे किंवा शेजाऱ्यांचे काम नाही. तो तपास पोलिसांचा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तक्रार नोंदवून न घेणारा पोलीसही शिक्षेस पात्र ठरतो. गुन्हा आपसात मिटवण्याची मुभा कायद्यात कुठेही नाही. मग बैठकीला सरपंच बसोत की पोलीस पाटील.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण याचसाठी लक्षात ठेवावे. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही गप्प राहणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले.

ओळखायचे कसे? एकाच खुणेवरून निष्कर्ष काढता येत नाही. मुलातला बदल पाहावा लागतो. अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होते. एखाद्या घरी किंवा एखाद्या माणसासमोर जायला मूल ठाम नकार देते. कारण नसताना पोट दुखते, अभ्यासातून मन उडते, झोपेत दचकते. वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा खेळ दिसतात. कुणी दिले ते न सांगता येणारे पैसे वा वस्तू हातात येतात. मारहाणीचे वळ असतात आणि त्यांची कारणे दरवेळी बदलतात. यात मुलगेही आले. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसलेल्यांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगे होते. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत वर्षानुवर्षे हेच दिसते की अशा गुन्ह्यांतला आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो.

इथे आपल्या छोट्या शाळांचे बळ कामी येते. वीस-पंचवीस पटाच्या द्विशिक्षकी शाळेत हजेरी घेतानाच बाईंच्या लक्षात येते, की रोज पुढे बसणारी पोर आज भिंतीला खेटून बसली आहे. अशा वेळी तिला सर्वांसमोर उभे करू नये. मधल्या सुट्टीत जवळ बसवून, ‘काय गं, काही त्रास होतोय का?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. ती बोलली तर मध्ये तोडू नये, ‘आधी का नाही सांगितलंस?’ असे तर मुळीच म्हणू नये. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही,’ हे शब्द तिला ऐकू यायला हवेत. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. तिचे शब्द तिच्याच भाषेत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. खोदून खोदून विचारू नये, संशयिताला जाब विचारू नये, कपडे धुऊ नयेत.

मग लगेच १०९८ या बाल मदतवाहिनीला किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, अथवा जवळचे पोलीस ठाणे गाठावे. हद्द कुणाची, हा प्रश्न नंतरचा. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. रुग्णालयाने आधी गुन्ह्याचा कागद मागून उपचार अडवायचे नसतात आणि ते मोफत द्यायचे असतात.

‘एखाद्या निरपराधाचे आयुष्य बरबाद झाले तर?’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच कायद्याने आकसाने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा ठेवली आहे आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव गावभर करण्यापेक्षा शंका योग्य ठिकाणी नोंदवणे संशयितालाही अधिक न्याय देणारे आहे. पीडित मुलाची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे. हे व्हॉट्सॲप गटांनीही ध्यानात ठेवावे.

शासनाने शाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या आहेत, गावोगावी बाल संरक्षण समित्या असायला हव्यात. दोन्ही तालुक्यांच्या ग्रामसभांनी आपल्या गावची समिती शेवटची कधी बसली, हे विचारावे. तिच्या सदस्यांची नावे आणि १०९८ हा क्रमांक शाळेच्या, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. मूल मोठ्या हिमतीने बोलते, तेव्हा ते आपली परीक्षा घेत नसते, मदत मागत असते. ती मदत त्याला त्याच दिवशी मिळाली पाहिजे.