नटवेपणा नव्हे, दृष्टी!

“आता डोळ्यांत काचा घालून मिरवणार होय गं?” गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारले आणि आईची मान खाली गेली. वसतिगृहातही थोड्याफार फरकाने हेच ऐकले. चष्मा लावणारी मुलगी अभ्यासू ठरते. लेन्स लावणारी मात्र नटवी! मित्रमैत्रिणींनो, या समजुतीबद्दलच मला चार शब्द लिहायचे आहेत.

नववीत असताना मला फळ्यावरची अक्षरे दुहेरी दिसू लागली. रात्री एका दिव्याचे तीन-चार दिवे दिसत. तालुक्याच्या गावी चष्मा केला, सहा महिन्यांत बदलला, पुन्हा बदलला. नंबर दर वेळी निराळा, दिसणे मात्र तेच. शाळेत “लक्ष नसते” असा शेरा मिळाला. आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी गेलेले नाही. आईवडिलांना तो शेरा खरा वाटला. खरे सांगायचे तर मलाही वाटला. अकरावीत एका मोठ्या रुग्णालयात बुबुळाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रापुढे बसले, तेव्हा आजाराचे नाव प्रथम कानावर पडले : केरॅटोकोनस.

नेत्रदानात जो पारदर्शक पडदा दुसऱ्याला बसवतात, तोच या आजारात हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. बहुधा वाढत्या वयातच याची सुरुवात होते. पडदा वेडावाकडा झाला की प्रकाशाचे किरण एका जागी येत नाहीत. आजार वाढला की चष्म्याने हा वेडेवाकडेपणा भरून निघत नाही. कडक लेन्सचे तसे नाही. ती डोळ्यावर बसली की तिच्या मागे अश्रूंचा थर साचतो, खाचखळगे भरतात आणि डोळ्याला नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. उखणलेली जमीन सारवून सारखी करावी, तसेच हे. ज्यांना ही छोटी लेन्स सोसत नाही, त्यांच्यासाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्सही असते.

लेन्स म्हणजे फॅशन, असे म्हणणाऱ्यांना थोडा इतिहास सांगावासा वाटतो. १८८८ साली आडोल्फ फिक या डॉक्टरांनी झुरिकमध्ये काचेच्या लेन्सचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये युजीन काल्ट यांनी केरॅटोकोनसच्या रुग्णांवर अशा लेन्स वापरून पाहिल्या. म्हणजे लेन्सची सुरुवातच मुळी आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपाशी झाली. रंगीत लेन्स पुष्कळ नंतरच्या!

कुणी म्हणेल, मग ऑपरेशन करून मोकळे का होत नाही? क्रॉस-लिंकिंग नावाच्या उपचारात ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून आजाराची वाढ थोपवतात. तो मी करून घेतला आहे. पण वाढ थांबली म्हणजे नजर परत आली असे नव्हे; त्यासाठी लेन्सच लागते. उलट, लेन्सने स्पष्ट दिसते, पण आजार थांबत नाही. नेत्ररोपण हा फार पुढचा मार्ग, आणि त्यानंतरही अनेकांना लेन्स लावावी लागते.

लेन्सचे कौतुकच सांगत बसणार नाही. एस.टी.त धुळीचा एक कण आत गेला की डोळ्यांतून धारा लागतात. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही, घालून झोपायचे नाही, डोळा कितीही खाजला तरी चोळायचा नाही. शिवाय खर्च! माझ्या दोन लेन्सना वडिलांची दोन महिन्यांची मजुरी आणि दारची शेळी गेली. पण लेन्स घातली त्या दिवशी रुग्णालयाच्या अंगणातल्या कडुनिंबाचे पान न् पान मला सुटे दिसले. मी तिथेच रडले.

हे दुखणे माझ्या एकटीचे नाही. नागपूर भागातील खेड्यांत झालेली एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत तिशीपुढच्या माणसांपैकी शेकडा दोनांहून थोड्या अधिक जणांत, पडद्याच्या वक्रतेच्या मापावरून, हा आजार आढळला. त्यांतल्या किती जणांना शाळेत “लक्ष नसते” म्हटले गेले असेल?

म्हणून गुरुजनांना माझी विनंती आहे की, चष्मा बदलूनही ज्याला फळा दिसत नाही त्याला आळशी म्हणण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. महाविद्यालयाच्या विद्यार्थी सहाय्य निधीतून पुस्तकांना मदत मिळते, तशी अशा लेन्सलाही मिळावी. पुस्तक वाचायला आधी डोळे लागतात. आणि मैत्रिणींनो, आरशापुढे बोटावर लेन्स घेऊन उभी असलेली मुलगी दिसली, तर हसू नका. ती नटत नसते, तासाला यायची तयारी करत असते.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.