पोट झालं की एकदम गुडघा!

मैत्रिणींनो, अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात जा आणि लहान मुलांसाठीचा ‘माझे शरीर’ तक्ता मागा. डोळे, नाक, कान, हात, पोट... आणि पोट झालं की एकदम गुडघा! मधलं शरीर चड्डीत गायब. एम.एस.डब्ल्यू. करताना बालविकासाचे टप्पे मी पाठ केले होते. पण या गाळलेल्या जागेचा अर्थ मला पुण्यातल्या एका वस्तीतल्या आईनं शिकवला.

तिची अडीच वर्षांची मुलगी दोन दिवस ‘शेम शेम दुखतंय’ म्हणून रडत होती. घरातलं प्रत्येक माणूस तिला सांगत होतं, “शी! असं बोलायचं नाही.” लघवीचा संसर्ग निघाला, औषधानं ती बरी झाली. पण नंतर आई म्हणाली, “ताई, दुसरं काही घडलं असतं, तरी मी तिला गप्पच केलं असतं.”

‘शेम शेम’! पोरीला स्वतःच्या शरीराचं पहिलं नाव आपण लाज म्हणून देतो. शरीराबद्दल उघड बोलता यावं म्हणून र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, खटले सोसले. आपल्या बाळांच्या पुस्तकात ते बोलणं अजून शिरलेलं नाही.

आणि ‘सुरक्षिततेची’ पुस्तकं? त्यांत चॉकलेट घेऊन उभा असलेला अनोळखी मिशीवाला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१६ च्या अहवालात मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी दहातल्या नऊहून अधिक आरोपी ओळखीचेच होते. काका, शेजारी, घरी येणारा-जाणारा. मग मिशीवाल्याचं चित्र कुणाची अब्रू राखतं? मुलाची तर नाहीच, घराण्याची! ‘काकांना पापी दे’ असं दटावणारे आपणच, आणि ‘नको असेल तर नाही म्हण’ हे शिकवायला मात्र पुस्तक हवं.

सगळीच पुस्तकं अशी नाहीत. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ पाहा. मुलाच्या नजरेनं घर बघता येतं हे त्यातून कळतं. पण स्वच्छतेच्या बहुतेक पुस्तकांत पांढऱ्या फरशीची न्हाणी आणि नळाला चोवीस तास पाणी. दात घासून देणारी, ढुंगण धुणारी, भरवणारी आईच. बाबा फार तर ऑफिसला निघताना टाटा करतात. स्वावलंबनाच्या नावाखाली हे बाळ दोन वर्षांच्या वयात बायकांचं काम कोणतं हे पाठ करतं.

म्हणून आम्ही वस्तीतल्या बायांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचं पुस्तक काढलं. पाण्याचं पिंप, पेटलेली शेगडी, लोंबती वायर, झाकण नसलेलं गटार, सार्वजनिक संडासाची रांग. एका पानावर बाप मुलाला धुतोय. एका पानावर उघडं बाळ, सगळ्या अवयवांच्या नावांसकट. पुरुष हसले, “हे काय बाप्याचं काम?” तरी दोघे-तिघे पोराला मांडीवर घेऊन पानं उलटू लागले. पुढे पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा एका साहेबांनी उघड्या बाळाचं पान काढायला सांगितलं. आम्ही काढलं नाही. पुस्तक छापलं गेलं नाही.

यावर नेहमीचा सवाल येतो: चित्रांनी काय होणार, आईनंच लक्ष द्यायला नको का? ही आई सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला निघते. बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, म्हणजे तिची शाळा बंद. बाळ पिंपात पडलं की विचारतात, “आई कुठे होती?” पाळणाघर कुठे होतं, हे कुणी विचारत नाही. १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात पाळणाघराची तरतूद आली, तीही पन्नासहून जास्त स्त्री-मजूर असतील तिथेच. जणू मूल फक्त बाईचंच!

सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची. तिच्यात शाळापूर्व शिक्षण तिसऱ्या वर्षापासून. त्याआधीच्या बाळाला वजनकाटा, लस आणि आहाराचं पाकीट. २०२४ मध्ये केंद्रानं जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ आराखडा काढला, चांगलं झालं. पण राबवणार कोण? डिसेंबर २०२३ पासून मानधनवाढीसाठी दीड महिन्याहून अधिक संपावर बसलेली तीच अंगणवाडी सेविका! ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, हाताशी असलेल्या वस्तूंतून साधनं केली. त्यांचं नाव घ्यायचं आणि सेविकेच्या हाती एक धड चित्रपुस्तक द्यायचं नाही?

एक मात्र आपसांत स्पष्ट असू दे. दोन वर्षांचं मूल स्वतःचं रक्षण करू शकत नाही. ते हात धुवायला शिकेल, शेगडीपासून लांब राहील, ‘इथे दुखतंय’ सांगेल. ऐकायचं आणि थांबवायचं काम मोठ्यांचं. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं तर अत्याचार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरवला. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

तेव्हा मागणी करू या: अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलांनाही पुस्तकं हवीत, खऱ्या नावांची, खऱ्या घरांची, बापाला कामाला लावणारी. वस्तीत पाळणाघर हवं. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं पोट आणि गुडघ्याच्या मधल्या अवयवांची नावं मोठ्यानं म्हणून पाहावीत. आपली जीभ जिथे अडखळेल, तिथेच आपल्या लेकी गप्प होतात.