रात्रीचा वळीव

दिवाळीच्या अंकात वैशाखातली गोष्ट सांगू नये असा काही नियम नसावा. शिवाय दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊसही गडगडाट करीतच येतो. तेव्हा गोष्ट अगदीच अवेळी होणार नाही.

पनवेलजवळ करंजाडे येथे राहायला आल्यापासून मला एक नाद लागला आहे. शहाणी माणसे रात्री झोपतात. मी मोबाईलवर हवामान खात्याच्या रडारचे चित्र पाहतो. मुंबईत कुलाब्याला आणि जोगेश्वरीजवळ वेरावलीला या खात्याची डॉपलर रडारे आहेत. रडार लहरी सोडते, त्या ढगातल्या थेंबांवर आपटून परत येतात आणि त्यांच्या जोरावरून नकाशात रंग भरले जातात. हिरवा म्हणजे साधी सर, पिवळा म्हणजे जोराची आणि तांबडा म्हणजे मुसळधार, क्वचित गारासुद्धा. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परत येणारी लहर 64 पट जोरदार होते! म्हणून टपोऱ्या थेंबांचा वळीव नकाशावर लपत नाही.

मे महिन्यातल्या एका रात्री उकाड्याने डोळा लागेना. एक वाजता चित्र उघडले, तो कर्जतच्या पलीकडे घाटाच्या अंगाला तांबडी रेघ! तीही सरळ नव्हे. मधोमध धनुष्यासारखी आमच्या दिशेने फुगलेली. वादळाच्या मागून वारा रेटा देऊ लागला की रेघ अशी वाकते. दहा मिनिटांनी पाहतो तर ती सातएक किलोमीटर सरकून कर्जतवर आलेली. म्हणजे वेग ताशी 40 च्या घरात. कर्जत आमच्यापासून सरळ रेषेत वीसएक किलोमीटर. हिशेब अर्ध्या तासाचा. परंतु चित्र आपल्या हाती पडेपर्यंत दहाएक मिनिटांनी शिळे झालेले असते. तेव्हा उरली 20 मिनिटे!

माझ्या गणितावर मी बेहद्द खूष झालो आणि सौभाग्यवतींना उठवले.

"अहो, वादळ येतंय! कुरडया आत घेतल्यास ना?"

"कुरडया संध्याकाळीच आत आल्या," ती डोळे न उघडताच म्हणाली. मग एकदम उठून बसली. "पण समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पहारेकऱ्याची पोरं झोपलीत, त्याचं काय?"

मी चपापलो. त्या अर्धवट इमारतीची गच्ची मला रोज खिडकीतून दिसत होती. पत्र्याच्या आडोशाला त्यांचे अंथरूण असे. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्याने अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे गेली, हे आठवले. विजेरी घेऊन धावलो.

पहारेकरी डोळे चोळीत वर पाहू लागला. "साहेब, चांदण्या तर लख्ख दिसतायत!"

खरेच दिसत होत्या. क्षणभर मलाच माझ्या गणिताची शंका आली. पण दूर माथेरानच्या बाजूला आवाज न करता वीज लवली आणि त्याने मुकाट्याने मुले उचलली. खालच्या मजल्यावर टेकतो न टेकतो तोच गार वारा सुटला. वळवात ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पावसाच्या आधी धावत येते, ती ही. वर पत्रे धडाडले. पाऊस म्हणाल तर रस्ता भिजण्यापुरता. सकाळी एक पत्रा मात्र पार रस्त्यावर पडलेला होता.

ज्यांना रडारचा नाद नाही त्यांनी एवढेच करावे: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये कळते. सेकंद 30 च्या आत असतील तर घर गाठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

मी मात्र आता तांबडी रेघ दिसली की आधी चपला घालतो. हिशेब जिना उतरताना करतो.