काळोख थोडा शिल्लक ठेवू या

आपल्या भाषेत डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते बहुधा कानशिलात बसल्यावर. अलीकडे मात्र मे महिना सरत आला की ते मोबाइलच्या पडद्यावर चमकू लागतात. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची ही नावं घरोघरी ऐकू येतात आणि शनिवारी संध्याकाळी घाटात गाड्यांची रांग लागते. कुणाच्या गळ्यात कॅमेरा असतो, कुणाच्या हातात फोन. मीही या हौशी मंडळींपैकीच एक. तेव्हा या छंदाबद्दल थोडं कौतुकाचं आणि थोडं तक्रारीचं बोलायचा हक्क मला आहे, असं मी समजतो.

आधी कौतुक. छायाचित्रकारांच्या बोलीत ‘फास्ट लेन्स’ नावाची एक चीज असते. ही लेन्स स्वतः कुठे धावत नाही. तिचं तोंड मोठं असतं, त्यामुळे उजेड जास्त आत येतो आणि शटर झटकन मिटलं तरी काम भागतं, म्हणून ती फास्ट. ५० मिलिमीटरची ‘एफ १.८’ लेन्स घ्या. ५० भागिले १.८, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र झालं सुमारे २८ मिलिमीटर रुंद. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स त्याच ठिकाणी बहुधा ‘एफ ५.६’वर असते, तिचं छिद्र जेमतेम ९ मिलिमीटर. उजेडातला फरक जवळजवळ दहापट!

ही लेन्स हाती आली की फ्लॅशची गरजच उरत नाही. पणत्यांच्या उजेडातली आजी, रंगमंचावरचा नट, कोकणातल्या देवळापुढे रात्रभर चालणारा दशावतार, खिडकीतल्या कवडशात झोपलेलं पोर, हे सगळं जसं दिसतं तसं टिपता येतं. स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ सालच्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातले काही प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी त्याने झाइस कंपनीने नासाकरिता बनवलेली ‘एफ ०.७’ लेन्स वापरली. पण फुकट काही मिळत नाही. तोंड जितकं मोठं, तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद. नटाने मान थोडी पुढे केली तरी चेहरा धूसर व्हायचा, म्हणून बिचाऱ्यांना जवळजवळ पुतळ्यासारखं बसावं लागे.

काजव्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. काजवा क्षणभर लुकलुकतो आणि पुढे सरकतो. शटर १० सेकंद उघडं ठेवलं काय किंवा ३०, त्या एका ठिणगीचा ठिपका काही जास्त तेजस्वी होत नाही. ठिणग्यांची संख्या वाढते आणि आकाश उजळतं, इतकंच. ठिपका ठसठशीत उमटायला हवी मोठ्या तोंडाची लेन्स. फ्लॅश मारला तर समोरचं गवत लखलखतं आणि ज्याच्यासाठी आलो तो काजवाच दिसेनासा होतो. शहाणा माणूस उजेड असतानाच दूरच्या झाडावर फोकस जमवतो, लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी लावतो, कॅमेरा तिपाईवर बसवतो आणि गप्प उभा राहतो.

आता तक्रार. झाडाखालून झाडावर, पायवाटेपासून आकाशापर्यंत हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा सडा पडलेली चित्रं आपण पाहतो, ती बहुतेक एका क्षणाची नसतात. प्रत्येकी ३० सेकंदांची शंभर चित्रं संगणकावर एकावर एक चढवली की ५० मिनिटांचे काजवे एकाच चौकटीत गोळा होतात. ही कला आहे, मेहनतीची आहे, आणि माझा तिला विरोध नाही. विरोध आहे तो न सांगण्याला. मुलाबाळांना घेऊन दोनशे किलोमीटर आलेलं कुटुंब त्या सड्याची अपेक्षा ठेवून येतं, आणि समोर खरोखरच लुकलुकणारं झाड असताना ‘एवढेच का?’ म्हणून हिरमुसतं. मग कुणीतरी झाडावर टॉर्च मारतं, कुणी गाडीचा दिवा लावून पुढे सरकतं. चित्राखाली ‘शंभर चित्रांचं मिश्रण’ एवढं लिहायला कितीशी शाई लागते?

कारण हा उजेड काजव्याने आपल्या करमणुकीसाठी लावलेला नाही. काजवा माशी नव्हे, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णता नसलेला प्रकाश निघतो. ही त्याची लग्नाची बोलणी! अनेक जातींत नर उडता उडता खूण करतो आणि गवतात किंवा झुडपात बसलेली मादी प्रतिखूण करते. आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात, ओल्या मातीत गोगलगाई खाण्यात गेलेला असतो. पंख फुटल्यावर हाती उरतात थोडेच आठवडे, त्यात कामाचे रात्रीचे काही तास. त्या वेळी शंभर हेडलाइट पेटले तर कुणाची खूण कुणाला कळणार? लग्नमंडपात कर्णे लावून मुलाला ‘तुझं नाव काय?’ विचारण्यासारखंच हे. शिवाय गवतातल्या मादीवर आणि मातीतल्या अळीवर आपलेच बूट पडतात, ते वेगळंच.

‘मग काय, जायचंच नाही?’ असं कुणी विचारील. जावं, जरूर जावं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यासारख्या भागात पेरणीच्या तोंडावर या पाहुण्यांमुळे गावकऱ्यांच्या हाती चार पैसे येतात, आणि काजवे टिकावेत यात त्यांचंही हित आहे. त्यांच्या घरी उतरावं, त्यांनाच वाटाड्या म्हणून घ्यावं, गाडी गावातच ठेवून पायी जावं. पायवाट सोडू नये. टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून, जमिनीकडे रोखून वापरावा. कॅमेऱ्याचा फोकससाठी पेटणारा दिवा बंद करावा, मागचा पडदा झाकावा. आणि छायाचित्रस्पर्धा भरवणाऱ्यांनी काजव्यांच्या चित्राला बक्षीस देण्याआधी ते कसं काढलं एवढं विचारावं. बंदुकधारी पहारेकऱ्यापेक्षा या एका प्रश्नाने जास्त काम होईल, अशी माझी समजूत आहे.

शेवटी लेन्सचंच एक सांगतो. दुकानात न जाता प्रत्येकाला एक बऱ्यापैकी फास्ट लेन्स मिळालेली आहे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली पसरते तेव्हा तो साधारण ‘एफ २’च्या आसपासची लेन्स होतो. फक्त अंधाराला पुरता सरावायला त्याला जवळजवळ अर्धा तास लागतो, आणि फोनचा पडदा एकदा उजळला की ती सवय मोडते. यंदा जाल तेव्हा पहिला अर्धा तास फोन खिशातच राहू द्या, मुलांनाही तसंच सांगा. फोटो त्यानंतर काढा. आणि तो कुणाला दाखवाल तेव्हा किती मिनिटांचे काजवे त्यात आहेत, तेही सांगा.