एल्फिन्स्टन या नावावर पहिला हक्क गावाचा

एल्फिन्स्टन म्हटलं की आपल्याला आधी परळजवळचं स्टेशन आठवतं, मग कॉलेज. २०१८ मध्ये त्या स्टेशनचं प्रभादेवी झालं, त्याची मला खंत नाही. खंत आहे ती आपण हे नाव अजूनही फक्त गव्हर्नरांच्या खात्यावर मांडतो याची. त्यातही घोळ आहेच. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट. स्टेशनला नाव होतं त्याच्या पुतण्याचं, तेराव्या लॉर्डचं, जॉनचं.

पण नाव मुळात या दोघांचंही नाही. ते ईस्ट लोदियनमधल्या ट्रॅनेंटजवळच्या एका खाणगावाचं. आपल्याकडचे कर जसे गावाचं नाव घेऊन बाहेर पडले, तसंच हे घराणं. पंधराव्या शतकात गावची जमीन वारस मुलीच्या लग्नातून जॉन्स्टन घराण्याकडे गेली. एल्फिन्स्टनांची दुसरी पाती स्टर्लिंगशायरमध्ये एअर्थजवळ स्थिरावली आणि तिथल्या जमिनीलाही तिने हेच नाव दिलं. त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली १५१० च्या सुमारास, म्हणजे मूळ गाव हातचं गेल्यानंतर! पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडला. याच आडनावाच्या बिशप विल्यमने १४९५ मध्ये ॲबरडीनचं विद्यापीठ उभं केलं. हे कर्तृत्व मोठंच आहे, ते कोण नाकारतंय? पण उमरावांच्या इतिहासात गाव पहिल्या परिच्छेदात येतं आणि तिथेच संपतं, हे मला मान्य नाही.

कारण गावाचा इतिहास थांबला नव्हता. १६०६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधले कोळसा कामगार मालकाच्या खाणीला बांधले गेले. परवानगीवाचून दुसरीकडे काम धरलं, तर त्यांना परत आणता येई. या वेठीतून ते पूर्ण सुटले थेट १७९९ मध्ये. त्याआधी दोनच वर्षं ट्रॅनेंटमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं, माणसं मेली. माउंटस्टुअर्ट तेव्हा कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात पोचलेला होता.

गावात पंधराव्या शतकातला एक मनोरा होता. त्याच्या जाडजूड भिंतींच्या पोटात जिने आणि लहान लहान खोल्या काढलेल्या होत्या. १५४६ मध्ये धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला सेंट अँड्र्यूजला नेऊन जाळलं, त्याआधी त्याला इथे कैदेत ठेवलं होतं असं सांगतात. चार-पाचशे वर्षं टिकलेला हा मनोरा अखेर खाणींमुळे जमीन खचल्याने विसाव्या शतकात उतरवावा लागला. आता तळमजल्याचे अवशेष उरलेत.

आपल्या मंडळाची सहल दरवेळी एडिंबरा किल्ल्यावर जाते. यंदा ती ट्रॅनेंट आणि एल्फिन्स्टनला न्यावी, असा माझा आग्रह आहे. माहितीपत्रकात लॉर्डांची वंशावळ जरूर छापा, पण तिच्या आधी १६०६ ते १७९९ या काळातल्या खाणकामगारांची हकीकत छापा.