पिशवीतली कादंबरी

आपल्यातल्या एखाद्यानं कादंबरी काढली की पहिला प्रश्न ठरलेला, "प्रकाशक कोण?" आणि तो "मीच" म्हणाला की समोरच्याचं तोंड पडतं. जसं काही पोरानं पळून जाऊन लग्न केलंय. दोस्तहो, स्वतः छापायची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नव्हती. बाबासाहेब काय त्यांच्या दारात बसून राहिले? १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलं, मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. छापखानासुद्धा आपला उभा केला. पुढं १९६९ ला 'सत्यकथा'ची होळी झाली, त्या दिवसांतली पोरं सायक्लोस्टाईलच्या शाईत हात काळे करून अंक काढत होती. त्यांना कुणी विचारलं नाही प्रकाशक कोण म्हणून. विचारायची टाप नव्हती.

आज छापणं सोपं झालंय. डीटीपीवाल्याला फाईल द्या, शंभर प्रती म्हणा, शंभर निघतात. खरी मारामारी त्याच्यानंतर. वितरक किमतीच्या निम्म्यापर्यंत कमिशन कापतो, उरलेलं कधी देईल ते त्यालाच ठाऊक. दुकानात आपलं पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर, जिथं फक्त झुरळं पोचतात. सरकार म्हणतं पुस्तकावर जीएसटी नाही. बरोबर आहे, नाहीच. पण कागदावर आहे, आणि कागदाशिवाय पुस्तक कसं काढायचं ते कुणी सांगत नाही. मग आपला कादंबरीकार काय करतो? ड्युटी करतो, संध्याकाळी घरी येतो, पोरांचा अभ्यास चाललेल्या खाटेवर बसून पाकिटं चिकटवतो, पत्ते लिहितो. आणि सुट्टीच्या दिवशी पिशवी उचलतो.

त्याचं कॅलेंडर कालनिर्णयचं नसतं. १ जानेवारी भीमा कोरेगाव, २० मार्च महाड, १४ एप्रिल, मग दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला शिवाजी पार्क. या देशात इतर कुठला समाज आपल्या बापाच्या स्मृतिदिनाला रांगेत उभा राहून पुस्तकं विकत घेतो? दाखवा. चपलेला पट्टा नसलेली बाई पदराच्या गाठीतून पैसे सोडून पुस्तक घेते. तिथं मराठी वाचक मेला म्हणून रडणाऱ्या समीक्षकांना एकदा उभं करायला पाहिजे, उन्हात.

पण तिथंही एक गोची आहे. लोक बाबासाहेबांचे ग्रंथ घेतात, बुद्ध घेतात, गाण्यांची पुस्तकं घेतात, फोटो, कॅलेंडर घेतात. कादंबरी हातात घेऊन चाळतात आणि विचारतात, "ही तुमची स्वतःची कहाणी हाय का?" नाही म्हटलं की परत ठेवतात. हा रोग वरून खाली आलाय. 'बलुतं' १९७८ ला आलं, 'उपरा' १९८० ला. मोठी पुस्तकं, मराठी हलवून टाकली त्यांनी. पण त्यानंतर आपल्याकडून फक्त जखम मागायची, कल्पना नाही, अशी वहिवाट पडली. भोगलेलं सांगा, रचलेलं आमचे लोक बघून घेतील! म्हंजे अनुभव आमचा आणि प्रतिभा यांची. अण्णाभाऊंनी १९५९ ला 'फकिरा' दिली, बाबूराव बागुलांनी १९७० ला 'सूड'. रचायला आम्हाला येतं. वाचायला तुम्ही या.

अण्णाभाऊंचं नाव निघालं म्हणून सांगतो. तीसहून जास्त कादंबऱ्या, 'फकिरा'ला १९६१ ला राज्य पुरस्कार, कादंबऱ्यांवर सिनेमे. आणि आयुष्य गेलं घाटकोपरच्या चिरागनगरात. १८ जुलै १९६९ ला गेले, गरिबीतच गेले. २००२ ला तिकीट निघालं, २०२२ ला मॉस्कोत पुतळा बसला. तिकिटावर त्यांचा चेहरा, पण जिवंतपणी वाणी उधार देताना दहादा बघत असणार.

तिकिटावरून टपाल आठवलं. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांची स्वस्त नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा एका फटक्यात बंद केली. मोठ्या प्रकाशकांना खरचटलं, एकट्यानं छापणाऱ्याचा गळा आवळला गेला. ओरड झाली, मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे. हे ध्यानात ठेवा रे, स्वतः छापणाऱ्यांनो, पहिल्या पानावर नाव टाकायला विसरू नका. नियतकालिकं मात्र त्यात चालत नाहीत. म्हंजे आमचा हा अंक ज्ञानात बसत नाही! बरंच आहे.

आता आपल्या वाचकाबद्दल बोलू, कारण शिव्या फक्त दुसऱ्याला द्यायच्या असतील तर अंक काढायची गरज नाही. कादंबरी आली की महिन्याभरात तिची पीडीएफ मोबाइलवर फिरते. फिरवणारा आपलाच. वर म्हणतो, "विचार समाजापर्यंत पोचला पाहिजे." अरे बाबा, चहा-मिसळीला दीडशे देतोस आणि अडीचशेच्या कादंबरीला विचार आठवतो? ज्यानं पीएफमधून पैसे काढून पाचशे प्रती छापल्या, त्याच्या खाटेखाली तीनशे पडून आहेत. तो दुसरी कादंबरी काढणार कशी? तेव्हा येतो नेता. "करू की प्रकाशन, दोनशे प्रती घेतो." नेत्याचा फोटो आत, मनोगतात त्याचे आभार, प्रती त्याच्या ऑफिसात वाळवीला. स्वतंत्र लेखक असा विकत जातो, आणि किंमत फार नसते. पीडीएफ फिरवणाऱ्यानं हा हिशेब नीट वाचावा.

आणि लिहिणारी बाई असेल तर? वाचकांनी कळवावं म्हणून ती पुस्तकात नंबर छापते. रात्री साडेअकराला फोन, "जयभीम मॅडम, कादंबरीतली ती तुम्हीच का?" चार दिवसांत नंबर बदलावा लागतो, आणि त्या नंबरावर खरोखरच वाचून फोन करणारी औशाची शिक्षिकाही तुटते. चळवळीतल्या पोरांनो, हे फोन सदाशिव पेठेतून येत नाहीत.

लेखकांनाही दोन शब्द. वाचक भेटला की आधी त्याच्या हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात क्यूआर कोड धरू नका. तो काय काम करतो ते विचारा. रात्रपाळीचा वॉचमन कादंबरी दोन रात्रीत संपवतो आणि सांगतो की तुमचा नायक गिरणीत ज्या खात्यात दाखवलाय त्या खात्यात तसं काम नसतं. असा वाचक कुठल्या विद्यापीठात मिळत नाही. त्याचं ऐकून पुढची आवृत्ती दुरुस्त करा, रुसू नका.

यंदा ६ डिसेंबरला पार्कात पिशवीवाले दिसतील. मोठ्या स्टॉलवरून खरेदी झाली की त्यांच्यापाशीही थांबा. एक कादंबरी घ्या, रोख द्या, सूट मागू नका. वाचून फोन करा, दिवसा. नाही आवडली तर तसं सांगा, पान नंबरासकट. ते आम्हालाही लिहून पाठवा. पुढच्या अंकापासून चार पानं त्यासाठी राखून ठेवलीत, आणि त्यात लेखकाच्या मित्रांची पत्रं छापली जाणार नाहीत.